चौथीचा नंबर

५ मार्च

प्रिय बारके,

झाली एकदाची निवड. नर्स तिसरी आली, मी चौथी. शेवटच्या वळणावर तुझ्या दादाने इतक्या जोरात शिट्टी फुंकली की पंचाला वाटलं शर्यत संपली, आणि तो बिचारा झेंडा गुंडाळायला लागला. बस चालवणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी कशाला हवी, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला उमगलेलं नाही.

फोनच करणार होते. पण फोन लावला की रिसीव्हर त्याच्या हातात जातो आणि तुम्ही बहीणभाऊ माझ्या पळण्याची चर्चा मला बाजूला बसवून करता. म्हणून पत्र. पत्र तो हिसकावत नाही, नुसता मागे उभा राहून वाचतो. आत्ताही उभा आहे. म्हणतोय, 'शिट्टीचं खोड आणि ते वाक्य.' नाही खोडणार.

नर्स म्हणजे तीच, आमच्या हॉस्पिटलातल्या बाळंतिणींच्या वॉर्डातली. दोन वर्षांपूर्वी लाँड्रीत चादरी मोजून घ्यायला आली तेव्हा एक जिना उतरून धापा टाकत होती. मीच तिला मागच्या टेकडीवर न्यायला लागले. आता बघ! चढावर मला मागे टाकते आणि वर उभी राहून म्हणते, 'या मावशी, सावकाश या.' उतारावर मात्र भागूबाई आहे. प्रत्येक दगडाला विचारून पाऊल टाकते. तिथे मी तिला गाठते. या खेपेला गाठता गाठता रेषा आली.

आता मुद्द्याचं बोलू. जूनमध्ये जगाची डोंगर शर्यत. प्रत्येक देशाच्या चार बायका जाणार. पण प्रशिक्षक म्हणाले, संघासाठी पहिल्या तिघींचेच नंबर धरतात, चौथीचा धरत नाहीत. मग चौथीला नेतात कशाला? बॅगा राखायला? तू त्या जागतिक संघटनेच्या कचेरीत नियमांच्याच टेबलाशी बसतेस, तुला नाही माहीत तर कुणाला? सरळ सांग. साखर घालू नकोस.

तुझी,
वहिनी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

अगं, काय हे! जगाच्या शर्यतीला निवड झाली आणि पहिल्याच पत्रात बॅगा? अभिनंदन, अभिनंदन, आणि दादाला सांग की शिट्टी कपाटात ठेव.

साखर न घालता सांगते. पहिल्या तिघींच्या नंबरांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज सगळ्यात लहान, तो संघ पहिला. चौथीचा नंबर बेरजेत नाही, हे खरं. पण चौथी काही हवेत तरंगत नसते! तू दुसऱ्या देशाच्या तिसरीच्या पुढे पोचलीस तर तिचा नंबर एकाने मागे जातो आणि त्यांची बेरीज बिघडते. म्हणजे तू आपल्यांची बेरीज कमी करू शकत नाहीस, दुसऱ्यांची वाढवू शकतेस. आपल्या आत्याबाईसारखं. स्वतःच्या घरात काही हलवता आलं नाही, पण शेजारच्यांना स्वस्थ बसू दिलं नाही.

आणि ही शर्यत सुरू कशी झाली माहीत आहे? कचेरीतले जुने लोक सांगतात, एक दूधवाला आणि एक पोस्टमन यांची पैज लागली, डोंगरावरच्या झोपडीपर्यंत आधी कोण पोचतो. दुसऱ्या वर्षी अख्खं गाव पळालं. मग शेजारची खोरी आली, मग शेजारचे देश, आणि जो तो म्हणायला लागला की खरा डोंगर आमचाच. ज्यांचे डोंगर सुळक्यांचे, ते म्हणाले शर्यत माथ्यावर संपली पाहिजे, खाली काय कुणीही येतो. ज्यांचे डोंगर बुटके, ते म्हणाले ज्याला खाली येता येत नाही तो वर गेलाच कशाला. वर्षानुवर्षं भांडले. शेवटी दोन जावांनी स्वयंपाकघर वाटून घ्यावं तसं ठरलं, एक वर्ष नुसता चढ, एक वर्ष चढ आणि उतार. बायकांना आधी घेतच नव्हते. मग घेतलं तेही अर्ध्या डोंगरापर्यंत. उरलेला अर्धा का नाही, ते कुणालाच सांगता आलं नाही. यंदा चढ-उतार आहे, पूर्ण डोंगर. तुझंच वर्ष!

थांबते. साहेबांनी मीटिंग बोलावलीय. विशेष काही नाही, नेहमीचंच.

तुझी,
बारकी

२७ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल इस्त्रीच्या मशिनवर चादर दोनदा जाळली. मुकादम म्हणाला, 'बाई, डोकं कुठे आहे?' डोंगरावर, म्हटलं.

दुसऱ्याची बेरीज बिघडवायची! हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? मी माझं सावजही हेरलंय. माहितीपत्रकात शेजारच्या देशाच्या संघाचा फोटो आहे. त्यांची तिसरी लाल टोपी घालते आणि कॅमेऱ्याकडे असं बघते जणू डोंगर माहेरून आणलाय. उतारावर ती कच्ची आहे म्हणतात. मी तिला उतारावर गाठणार. तिच्या पुढे एक पाऊल, जास्त नको.

हसू नकोस. तू मला बोलायला लावलंस म्हणून बोलते. लाँड्रीत दिवसभर ढिगाने चादरी येतात, ढिगाने जातात. मी रजा घेतली तर दुसरी कुणी घड्या घालते, रुग्णाला कळतही नाही. मी असल्या-नसल्याने जगात कुणाचं काही इकडचं तिकडे होत नाही. मला एकदाच, फक्त एकदाच, कुणालातरी एक घर मागे सरकवायचंय. आणि ते निकालात लिहिलेलं असलं पाहिजे. झालं, सांगून टाकलं.

आता तू सांग. मी एवढासा प्रश्न विचारला आणि तू मला अख्खी बखर पाठवलीस. तुझा दादा म्हणतो, लहानपणी तुझ्या हातून काही फुटलं की तू अशीच भूगोलावर बोलायला लागायचीस. काय फुटलंय, बारके?

वहिनी

१९ एप्रिल

वन्संना,

तीन आठवडे उलटले, तुमचं उत्तर नाही. पोस्टमन मला लांबून बघतो आणि पलीकडच्या फुटपाथवर जातो. समजायचं ते समजले. त्रेचाळिसाव्या वर्षी भावजय जगासमोर फरफटत आलेली दिसली तर कचेरीत तुमचं नाक खाली होईल. तसं असेल तर तसं लिहा. मला तोंडावर बोललेलं चालतं, पाठीमागची कुजबुज नाही चालत.

तुमची,
भावजय

ता. क. तुझा दादा म्हणतो, 'तुम्ही' लिहू नकोस, ती रडेल. रडू दे.

२५ एप्रिल

वहिनी,

रडले. दादाला सांग, त्याचा अंदाज बरोबर आला.

तू किती उलटं घेतलंस गं! मला तुझी लाज वाटेल? मी इथे आल्यागेल्याला सांगत सुटलेय की माझी वहिनी येणार. गप्प बसले ते दुसऱ्याच कारणाने. मार्चमधल्या मीटिंगमध्ये साहेबांनी ठराव आणला, या वर्षापासून संघ तिघींचा. चौथी रद्द. कारण काय, तर पायवाटा अरुंद, सुरुवातीलाच कोंडी होते, आणि निकाल सुटसुटीत हवा. तो ठराव मीटिंगच्या आधीच टाईप करायला माझ्याकडे आला. तुझ्या पत्राच्या शेजारी ठेवून टाईप केला मी तो. काय लिहिणार होते तुला? वाटलं, मतदान होईपर्यंत कळवू नये, कदाचित पडेलही.

तो पडला नाही. पण मी स्वस्थ बसले नाही. प्रत्येक टेबलापाशी गेले, प्रत्येकाला म्हटलं, निवडी झाल्यात, बायकांना घरी कळलंय, आता कसं नाही म्हणता? मी कधी मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही, वहिनी. काल उघडलं. टेबलाची कड धरून बोलले. आणि मार्ग निघाला! यंदा चौथी धावेल. मसुदाही मीच लिहिला: 'प्रत्येक देशास एक जादा धावणारी पाठवता येईल. तिच्या छातीवर कोरे कापड असेल व तिला क्रमांक दिला जाणार नाही.' साहेबांनी तिथल्या तिथे सही केली.

तू धावणार, वहिनी. मी जिंकून आणलंय. लगेच लिही.

तुझीच,
बारकी

५ मे

बारके,

तुझं पत्र टेबलावर ठेवून मी दोनदा टेकडी चढून आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा तुझ्या दादाने दार लावून घेतलं.

हे काय जिंकून आणलंस? दुधाची तहान ताकावर भागवतात हे ऐकलं होतं, तू तर मला रिकामा पेला पाठवलास. नंबर नाही म्हणजे मी लालटोपीच्या पुढे गेले काय, तिच्या डोक्यावरून गेले काय, ती आहे तिथेच राहणार. मग मी त्या डोंगरावर काय आहे? दगड? त्यापेक्षा घरी बस म्हणाले असते तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मी तुला मनातलं लिहिलं होतं. ते वाचूनही तुला कोरं कापड मागावंसं वाटलं?

तू धडपडलीस ते कळतंय मला. टेबलाची कड धरून बोललीस तेही कळलं. पण राग कमी होत नाही, तो काय करू?

काल नर्स ड्यूटी संपवून लाँड्रीत आली. धुवायच्या चादरींच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, 'मावशी, तुम्ही नसाल तर मी पण नाही. उतारावर मला मागून कुणीतरी ओरडणारं लागतं.' मी म्हटलं, खाली उतर आधी, त्या चादरी ताप आलेल्यांच्या आहेत. किंचाळून उठली. मग दोघी हसलो, आणि मग मला रडू आलं. लाँड्रीत कुणी बघत नाही ते एक बरं, वाफेने सगळ्यांचेच डोळे लाल.

तुझा दादा आठवडाभर शिट्टीला हात लावत नाहीये. तो असा गप्प बसला की मला घरात बसवत नाही.

जाणार आहे मी. नर्ससाठी. तुझ्या कोऱ्या कापडासाठी नाही.

वहिनी

२४ जून

प्रिय वहिनी,

तू अजून परतीच्या वाटेवर असशील. पण मला दम निघत नाही, हे पत्र तुझ्या आधी घरी पोचू दे. दादा, तू मागून वाचत असशील तर पुढेही वाच.

रविवारी साहेब तिकडे डोंगराखाली आणि मी इथे कचेरीत फोनपाशी, कारण निकालाचा तक्ता मी करते. तिघींची बेरीज केली आणि मी खुर्चीतून उठलेच. आपला संघ तिसरा! लालटोपीवाल्यांचा चौथा. इथे कुणीच नव्हतं, मग मी दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, कुठला डोंगर?

तेवढ्यात साहेबांचा फोन. लालटोपीच्या संघाने हरकत घेतलीय. तुमच्या तिसरीने बाहेरच्याकडून मदत घेतली, उतारावर बूट घेतला, ती बाद. ती बाद तर संघच बाद. मी विचारलं, बूट दिला कुणी? साहेब म्हणाले, 'कोऱ्या कापडाच्या बाईने. तुझ्या वहिनीने.' मी नियमावली पुढे ओढली.

ऐक नीट. आपला नियम असा, धावणारीने धावणारीला अडचणीत मदत करावी, उलट नाही केली तर दोष. बाहेरच्याची मदत घेतली तर मात्र बाद. मग तू कोण, आतली की बाहेरची? आणि नियमावलीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, स्पर्धक म्हणजे जिला क्रमांक मिळतो ती. तुला तर क्रमांक नाही. माझ्या मसुद्यात मी तुला धावायला लावलं, कापड दिलं, पण तू स्पर्धक आहेस की नाहीस, हे लिहायचंच राहिलं. साहेब ओरडले, 'नियम तू लिहिलास, अर्थ तू सांग! पंच समोर बसलेत.'

वहिनी, तुला बाहेरची म्हटलं असतं तर नर्स गेली असती, संघ गेला असता. मी म्हटलं, साहेब, ती बाहेरची असेल तर बाहेरच्या बायका डोंगरावर सोडल्या कुणी? आपण. प्रत्येक देशाची एक. त्यांनी वाटेत आपापल्या पोरींना हाका मारल्या असतील, पाणी पुढे केलं असेल. मग सगळेच संघ बाद करा, आणि जगाची शर्यत झालीच नाही असं जाहीर करा. साहेबांनी ते तसंच्या तसं पंचांना सांगितलेलं मला ऐकू आलं. मग साहेब म्हणाले, 'आणि आतली असेल तर?' म्हटलं, आतली असेल तर पहिलं पान. तिला क्रमांक द्यावा लागेल. तिला एकटीला नाही, सगळ्या चौथींना.

पंचांना ते मानावंच लागलं. रेषेवर नोंदलेला सगळ्यांचा क्रम फोनवरून घेऊन अख्खा तक्ता पुन्हा केला, वहिनी. प्रत्येक आकडा बोटाने धरून लिहीत होते, कारण सगळ्या चौथ्या मध्ये शिरल्यावर बेरजा हलणार होत्या आणि आपली खाली घसरली असती तर तो दगड मीच पाडलेला. दोनदा केला. आपला संघ तिसराच राहिला, एका गुणाने!

आणि तुझा नंबर एकोणसत्तर.

साहेब परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. एवढंच विचारलं, ती फट मुद्दाम ठेवली होतीस का? मी म्हटलं, सही तुमची आहे. आणि एक वाईट बातमी आहे, ती मात्र या वेळी दाबून ठेवत नाही. असा घोळ पुन्हा नको म्हणून पुढच्या वर्षीपासून संघ तिघींचाच. चौथी नाही, कोरं कापडही नाही. या वेळी मला कुणी विचारलंदेखील नाही.

पण तिथे झालं काय? बूट का दिलास? इथे बसून मला एवढंच कळलं की तू कुणाच्या तरी आधी आणि कुणाच्या तरी नंतर आलीस. मला सगळं सांग. रागात असलीस तरी सांग.

तुझीच,
बारकी

६ जुलै

प्रिय बारके,

राग गेला. कधी गेला ते कळलं नाही, त्यामुळे तुझ्यावर ओरडायचं ठरवलं होतं ते राहून गेलं.

चढ कसा झाला ते सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचाच वाईट होतो. माथ्यावर लालटोपी माझ्यापुढे होती, पण हाताशी. नर्स तिच्याही पुढे. उतार सुरू झाला आणि मला पंख फुटले. सुटे दगड, ओलं गवत, मध्येच कडेने वाट. मी लालटोपीला गाठलं, बारके. गाठलं आणि मागे टाकलं! वळून बघितलंसुद्धा. तिच्या छातीवर नंबर, माझ्या छातीवर पांढरं फडकं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिला माहीत होतं मला मोजत नाहीत. असा संताप आला की म्हटलं, आता सगळ्यांच्या पुढे जाऊन दाखवते.

आणि पुढच्या वळणावर नर्स बसलेली. डाव्या बुटाचा तळच सुटून लोंबत होता. एका पायावर दोन पावलं टाकायची, घसरायची, बसायची. माझ्याकडे बघून म्हणाली, 'मावशी, जा तुम्ही पुढे.' आता मला सांग, मी पुढे जाऊन काय करू? लालटोपी मागून येतच होती. तिला थांबता आलं नसतं, नंबरवाल्या इतर कुणालाच आलं नसतं, प्रत्येकीच्या मागे संघाची बेरीज लागलेली. त्या वळणावर थांबायला मोकळी अशी मी एकटी होते. तुझं कोरं कापड तेवढ्यापुरतं कामाला आलं.

मी डावा बूट काढला. तिला थोडा मोठा होतो, नाडी आवळून गाठ मारली. ती रडत होती, म्हटलं रड पण पळत रड. मग तिच्या मागून खालपर्यंत आवाज जाईल असं ओरडत राहिले. तिने एकाही दगडाला विचारलं नाही त्या दिवशी. लालटोपी माझ्या अंगावरून गेली, पण नर्सला काही ती गाठू शकली नाही.

मी एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी उतरले. मोजा थोडाच वेळ टिकला. बायका एकेक करून पुढे जात होत्या आणि मी मनात म्हणत होते, जा बायांनो, मला कुठे मोजतायत. तळपाय फाटलाय, टाके पडलेत. तुझा दादा रेषेपाशी उभा होता. शिट्टी तोंडात होती, पण वाजवली नाही. नंतर म्हणाला, फुंकच निघेना.

संध्याकाळी निकाल लागला तेव्हा आम्ही सगळ्या चौथ्या यादी खालून वर बघत होतो, सवयीने, आमचं नाव नसणारच म्हणून. आणि सगळ्या जणींच्या नावापुढे नंबर! सकाळी न्याहारीला त्या सगळ्या चौथ्या एकमेकींना शोधत फिरत होत्या. एकीची भाषा दुसरीला येत नाही. बोटांनी नंबर दाखवायचे आणि हसायचं. एका उंच बाईने मला मिठीच मारली, माझी कपभर कॉफी तिच्या अंगावर सांडली.

माझ्यामागे किती होत्या, विचारशील. दोघी. एकीचा पाय मुरगळला होता आणि दुसरी माझ्यापेक्षा म्हातारी. लालटोपी केव्हाच पुढे गेलेली. पण त्या दोघींना मी एकेक घर मागे ढकललंय, ते लिहिलेलं आहे आणि ते तुझ्या हातचं आहे. पदकं तीनच होती. मला नको होतं असं लिहिलं तर खोटं होईल.

पुढच्या वर्षीपासून तिघीच, हे वाचलं. वाचल्यापासून परत तेच, हातात घेतलेलं काम तसंच राहतंय, लाँड्रीत ट्रॉलीवर ट्रॉली साचतेय. टेकडीवर जायला डॉक्टरांनी बंदी केलीय. मी खिडकीतून ती बघत बसते आणि वाट मनात पाठ करते.

माझी पट्टी रोज नर्सच बदलते. ड्यूटी संपली की डबा घेऊन येते, पाय मांडीवर घेते, फुंकर घालत घालत औषध लावते. काल म्हणाली, 'लवकर बऱ्या व्हा हो मावशी, मला एकटीला पळवत नाही.' म्हटलं, होते. लवकरच होते. जागा तीनच, आणि पुढच्या वर्षी तिसरी मी असणार, ती नाही, हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
वहिनी